मोरांच्या रानातलं पाचवं अंथरूण

अंबाजोगाईत कुणाचंही लग्न असो, मांडव ईश्वरप्पांचाच. खांब उभे करायचे, झालर ताणायची आणि जेवणाचा आग्रह व्हायच्या आत टेम्पोत बसून पसार व्हायचं, ही त्यांची तीस वर्षांची रीत. सख्ख्या मेहुणीच्या लग्नातसुद्धा अप्पा अक्षता पडायच्या आत गायब! झालरी शिवायची त्यांची बायको, बसम्मा. नायगावचं रान मोरांसाठी राखीव झाल्याचं तिनं पेपरात वाचलं, तेव्हापासून "एकदा तिथं मुक्काम करू" एवढंच तिचं मागणं. अप्पा म्हणायचे, "लग्नसराई सरू दे." आता मांडववाल्याची लग्नसराई कधी सरते का?

सत्त्याण्णवच्या माघात तिला दवाखान्यात दाखल केलं, खाटेवरची चादर नीट केली आणि अप्पा सिरसाळ्याला मांडव घालायला गेले. सकाळी आले तेव्हा खाट रिकामी होती. माणूस रडला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बरं हाय." त्या "बरं हाय"चा मला रागच यायचा.

त्या वर्षी केबलवर तंबूत राहणारी माणसं पाहून आम्हा चार मास्तरांना हुक्की आली. दिवाळीच्या सुट्टीत नायगावच्या रानात एक रात्र काढायची! वनखात्याची परवानगी मी काढली आणि तंबू मागायला अप्पांकडे गेलो.

"किती जण?"

"चार."

"पाच धरा. मीबी येतो."

मग आठ दिवस रोज संध्याकाळी अप्पा माझ्या ओट्यावर. पाण्याचा ड्रम कुठला, कंदील किती, वारं कुठून येईल. आवाजात उत्साह म्हणाल तर शून्य. पण बसम्मानं शिवलेली वाकळ त्यांनी उन्हात घातलेली मी पाहिली आणि मला फार बरं वाटलं.

रानात पोचलो. अप्पांनी तंबू असा ताणला की एक सुरकुती नाही. आत पाच अंथरुणं घातली, दाराजवळ स्वतःची वाकळ पसरली. आम्ही चुलीला दगड लावत होतो. टेम्पोचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर अप्पा ड्रायव्हरशेजारी बसून निघालेले. हाका मारल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत.

सकाळी टेम्पो परत आला. अप्पा उतरले.

"मांजरसुंब्याला धाब्यावर चहा पिताना ध्यानात आलं मास्तर, की आज मला ऱ्हायचं होतं. अंधार पडलता. ड्रायव्हर रानात गाडी घालायला तयार होईना. तितंच बाजेवर पडलो."

आमच्यातलं कुणी हसलं नाही.

"मोर आलते?"

"सहा होते. पहाटे तुमच्या वाकळेपासून दहा पावलांवर."

अप्पांनी वाकळ उचलली, घडी घातली आणि ती हातात धरून तसेच उभे राहिले.

"बसम्मालाबी असंच अंथरूण घालून देऊन निघालतो," ते म्हणाले. "तवा तर ध्यानातबी आलं न्हाई."