पांढऱ्या रंगाखालचं लाल कापड

तुमची बहीण माहेरी आली की कुठे झोपते?

घाईने उत्तर देऊ नका. ती लहानपणी जिथे झोपायची ती जागा आधी आठवा, मग आज तिथे काय आहे ते बघा. फ्रिज असेल, मुलाचं अभ्यासाचं टेबल असेल. माझ्या आईच्या जागी कमोड बसवला आहे. सिंधुदुर्गात, समुद्राजवळच्या तिच्या माहेरी, पडवीच्या ज्या कोपऱ्यात ती लग्नापर्यंत निजली, तिथे आता पर्यटकांच्या खोलीचं न्हाणीघर आहे.

मामा गेल्यावर मामेभावाने जुनं घर पाडून खोल्या बांधल्या. तो वाईट माणूस नाही. गावात नोकरी नाही, मुंबईत यायचं नाही, मग माणसाने करायचं काय. पण दोन वर्षांपूर्वी आईने त्याला फोन करून मे महिन्यात येईन म्हणते असं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ये गे आते. पण आदी कळय, रूम बघून ठेवतंय."

आई बरं म्हणाली. फोन ठेवला, पदराने पुसला, आणि त्यानंतर तिने माहेराचा विषय काढला नाही.

मला हे सहन होण्यासारखं नव्हतं. आमच्या लालबागच्या खोलीत देवांच्या तसबिरींइतकीच पत्रकं होती. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, आजोबा गेले, मोर्चे चालू राहिले. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला माझा ग गवताचा, दुसऱ्या बाजूला 'कामगारांनो, विचारा'. त्यामुळे मी आईला विचारलंच, की त्या घरात तुझा वाटा कुठे गेला. तिने हक्क सोडल्याची सही कधीच देऊन टाकली होती. सगळ्याच बहिणी देतात. भावाने साडी नेसवली होती, मोरपंखी.

मी खूप बोलले. दुसऱ्यांच्या घरांसाठी ती उन्हातान्हात चालली, मला कडेवर घेऊन चालली, आणि स्वतःचं घर एका साडीवर सोडून आली, असं सगळं. ती डाळ निवडत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "भावाशी भांडून घेतलेल्या घरात झोप लागते का गं?"

 बाबा बसच्या डेपोत बॉडी विभागात होते, पत्रे बसवण्यात आयुष्य गेलं, निवृत्त होऊन कंटाळले होते. काही दिवसांनी ते माहीमला गेले आणि त्यांच्या एका कोळी मित्राकडून होडी वाहून न्यायचा जुना ट्रेलर घेऊन आले. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, कागदपत्रं सरळ. तो चाळीच्या चौकात लावला आणि त्यावर प्लायवूडचं घर उभं करायला घेतलं. दोन माणसं आडवी होतील एवढंच. मागची फळी बिजागरीवर उघडली की ओटा व्हायचा, ओट्यावर शेगडी. ओढायला दुसऱ्या एका मित्राची जीप. बाबांचा हिशेब सोपा होता. बायकोला माहेरी छप्पर नाही, तर आपण छप्पर घेऊन जाऊ. वाडीत फणसाखाली उभं करू. रूमबीम बघायला नको.

गॅलरीतून लोक बघत होते. कुणी विचारलं, गणपतीचा रथ का. कुणी म्हणालं, बिल्डरचं काही खरं नाही, काका सोय करून ठेवतायत. आमची चाळ पाडायची आहे, बोलणी चालू आहेत, चौक रिकामा करा म्हणून सांगून झालं आहे. पण त्याबद्दल मी दुसरीकडे पुष्कळ लिहिलं आहे.

भिंती झाल्या, छप्पर झालं, आणि प्रश्न आला बाहेरून काय लावायचं. समुद्राकाठी प्लाय उघडं ठेवलं तर एका हंगामात पापुद्रे सुटतात. बाबांच्या हातात पत्रा बसलेला, त्यांना पत्राच हवा होता. पण पत्र्याने वजन वाढत होतं आणि कोकणातल्या दुपारी आतली माणसं भाजली असती. माहीमच्या कोळी काकांचं म्हणणं फायबर मारा, आमच्या होड्या बघा. मी आणि बाबा बंदरावर जाऊन बघून आलो. टणक, चकचकीत काम, पण फायबरचं रसायन ओलं असताना वास असा की डोळ्यांत पाणी येतं. चौकात म्हाताऱ्या बसतात, मुलं खेळतात. मी नको म्हणाले. काका हसले.

"आधी ठरवा, ही होडी हाय का घर हाय," ते बाबांना म्हणाले. "होडीला खालचं पाणी, घराला वरचं. घर असंल तर पूर्वी आमी वल्हवायच्या होडीच्या टपाला, म्हंजे वरच्या छपराला, कापड लावायचो. गोंद, कापड, वरून रंग. तेवढं पुरं."

बाबांना ते पटलं. प्लायवर लाकडाचा गोंद फासायचा, जाड सुती कापड ताणून चिकटवायचं, कापडाच्या विणीत रंग मुरवायचा, मग वरून इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग, हातावर हात. सांधे राहत नाहीत, पाणी शिरायला वाट मिळत नाही. कुठे फाटलं तर ठिगळ लावता येतं. आणि सुती कापड आमच्याकडे होतं. माळ्यावर दोन ट्रंका भरून.

मोर्च्यांचे फलक होते ते. लाल कापड, वर पांढऱ्या ऑइल पेंटने अक्षरं. घरांच्या मागणीसाठी काढलेल्या मोर्च्यांचे बरेचसे. ते टाकवत नव्हते आणि नव्या घरात त्यांना माळा मिळणार नव्हता. मीच सुचवलं. मला कल्पनाच इतकी आवडली की मी रात्रीपर्यंत थांबले नाही, दुपारीच ट्रंका उतरवल्या. आई कापडं झटकून देत होती. एक तिने उलगडून धरलं. घर आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं.

"माझं तर बापाचंच होतं," ती म्हणाली, आणि ते बाबांच्या हातात दिलं.

आठवडाभर आम्ही चिकटवत होतो. आईने गोंद लावायचा, मी ताणायचं, बाबांनी लाटण्याने हवा काढायची. अख्खं घर लाल झालं. ते वाळल्यावर बाबांनी पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारला. दुसऱ्या दिवशी बघतो तर घर गुलाबी. रंगात पाणी होतं, कापडाचा लाल पाण्याबरोबर वर आला होता. दुसरा हात मारला, तोही गुलाबी. आणि त्या गुलाबीत अक्षरं पांढरी. जिथे ऑइल पेंट होता तिथे लाल वर येऊ शकला नव्हता. छपरावर अर्धं 'गिरणी', दाराशेजारी 'हक्काचं', मागच्या फळीवर उलटं 'घर'. रंग मारून पुसून टाकलेल्या घोषणा भिंतीतून परत बोलायला लागल्या होत्या.

लोक गॅलरीतून उतरून वाचायला आले. एका आजोबांनी बोट लावून ओळखलं, हे अक्षर माझ्या हातचं. बाबांचा चेहरा मी कित्येक वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. मला तर पुढचं सगळं दिसत होतं. हे घर हायवेने जाईल, घाटात थांबेल, गावोगावची माणसं वाचतील. आता वरून फक्त पारदर्शक वॉर्निश मारायचं असं मी आणि बाबांनी ठरवूनही टाकलं.

रंगाच्या दुकानदाराने मान हलवली. कापडावरचं वॉर्निश उन्हात तडकतं, वर्ष काढत नाही, आणि खालचं कापड तोवर विटून जाईल. लाल थांबवायचा तर ऑइल प्रायमर मारा, दोन हात, मग पांढरा. मग काही दिसणार नाही. टिकेल मात्र.

टिकवायचं की दाखवायचं, हा आमच्या घरातला जुना वाद. मी दाखवायच्या बाजूने होते. बाबाही. आम्ही चौकात उभं राहून एकमेकांना पटवत होतो, आणि दोघांनाही आधीच पटलेलं होतं. आई मागच्या फळीपाशी बसली होती. तिने त्या उलट्या 'घर'वरून हात फिरवला. आमच्याशी ती मराठीत बोलते, पण आतलं काही निघालं की मालवणी येते.

"मी थंय मोर्चो घेऊन जातंय काय? माका निजाक जावचा आसा."

बाबांनी डबा उचलला आणि प्रायमर आणायला गेले.

रंगवताना मला रडू येत होतं, ते प्रायमरच्या वासाने असं मी सांगितलं. 'हक्काचं' मी स्वतः झाकलं. घर पांढरं झालं, स्वच्छ, कुठेही न बोलणारं. बाबांनी वरून पाइप सोडून बघितलं. आत आईने कागद अंथरला होता, त्यावर एक थेंब आला नाही. आता बाहेरून भिंतीला हात लावला तरी विणीचा खरखरीतपणा लागत नाही, तो रंगाखाली गेला. पण आम्हाला माहीत आहे तो आहे.

तर घर झालं. जीपवाल्या मित्राला बाबांनी सांगून ठेवलं. उशा आल्या, नवी चादर आली. संध्याकाळी बाबांनी आईला विचारलं, मग कधी निघायचं.

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते काल लग्न होऊन आले आहेत.

"अहो," ती म्हणाली, "बोलावणं कुठे आलंय?"

बाबा समजावत राहिले. बोलावणं कशाला, छप्पर आपलं आहे, त्यांना तोशीस नाही, पाण्याची बादलीसुद्धा आपली आहे. तिने ऐकून घेतलं. न बोलावता माहेरी जाण्याबद्दल तिच्या आईने तिला काय शिकवलं होतं ते तिने सांगितलं नाही, पण ते तिच्या बसण्यात दिसत होतं. मी म्हटलं, मी मामेभावाला फोन करते. तिने माझा हात धरला. मागून आणलेलं बोलावणं तिला नको होतं.

 आम्ही तीन पिढ्या घर मागत आलो. भिंती, छप्पर, चटईक्षेत्र, सगळ्यांवर मी पत्रकं लिहू शकते. तिला जागा कमी पडली असंच मी आणि बाबा दोन वर्षं धरून चाललो होतो. तिला 'ये' कमी पडलं होतं. मागे 'रूम बघून ठेवतो' न जोडलेलं, नुसतं 'ये'. आणि ते असं काही आहे, की त्याच्यासाठी मोर्चा काढता येत नाही.

ते घर अजून चौकात आहे. बाबा दर रविवारी नखाने कडा तपासतात. कुठेही रंग उचललेला नाही. दुपारी आई वर खोलीत न झोपता त्यात जाऊन पडते. मागची फळी उघडी ठेवते. तिथून पलीकडच्या टॉवरच्या काचा दिसतात, तेवढंच आकाश. एकदा चहा घेऊन गेले तर ती जागीच होती, डोळे मिटून. म्हणाली, या वेळेला तिकडे वारा फिरतो, पडवीत सुकत घातलेले कपडे सगळे एका बाजूला जातात. मी चहा ठेवला. कपड्यांबद्दल आणखी सांगेल म्हणून थांबले. तिने कूस बदलली.

चौक रिकामा करायची वेळ येईल तेव्हा ते घर कुठेतरी न्यावंच लागेल. जीप तयार आहे. माझ्या मामेभावाला मी काही कळवणार नाही, तसा शब्द दिला आहे, आणि तो हे वाचेल अशी आशा नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही घरातून कुणी सही देऊन, साडी नेसून निघून गेली असेल. बहीण असेल, आत्या असेल. आज तिला फोन करा. किती दिवस, कोण कोण, जेवायला काय, यातलं काही विचारू नका. जागेचं बोलू नका. ये म्हणा, आणि फोन ठेवा.