रेशनकार्डावरचं नाव

माझं नागरिकत्व अमेरिकेचं. त्यामुळे कतारमध्ये राहिलो तरी टॅक्सचं रिटर्न तिकडे भरावं लागतं. लग्न करून नुकत्याच दोह्याला आलेल्या मेधाची आणि माझी यंदा एकाच रिटर्नवर सही हवी होती.

"जो देश मी पाहिलाही नाही, त्याला माझी कमाई का सांगू?" अल सद्द भागातून रिटर्न पाठवायला कुरियरच्या ऑफिसात जाताना टॅक्सीत ती म्हणाली. मी पुन्हा कलमं समजावू लागलो.

ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलला पिवळ्या फडक्यानं डॅशबोर्ड पुसत होता. पुसता पुसता तो चक्क मराठीत बोलला, "ताई, मी चिपळूणकडचा." आम्ही दोघंही ओशाळलो. "लग्नाला अठरा वर्षं झाली. बायको गावाला, मी इथं. दोघांची नावं एकत्र असलेला एकच कागद होता, रेशनकार्ड. त्यातूनही मला कमी केलं. म्हणाले, हा माणूस इथं जेवतच नाही."

हे सांगताना तो मनापासून हसला. मग सिग्नल सुटला.

मेधानं पर्समधून पेन काढलं आणि मांडीवर कागद धरून सही केली.

आठवडाभर मी तिला समजावलेली कलमं सगळी बरोबर होती.