मोहाखालचा वरवंटा

हे आजवर माह्या तोंडातून निघालं नाई. पोरीलेबी नाई सांगतलं. त्या दगडालेबी नाई — त्याले तं माहीतच हाय.

माही धाकली जाऊ, कौसी. टिनाच्या खोलीत राहे. पोरगं लग्नाचं, अन् पोरगीवाले पयले घर पाह्यत. तिची जागा मोहाच्या दोन झाडांजवळ. झाडं राखीव, म्हणून घर बांधाले जंगलाच्या सायबाची इजाजत पायजे.

आता त्या झाडांखाली फुलं कोण वेचे? मीच. मालक गेल्यावर त्याच फुलांवर तीन लेकरं पोसली. पाटी डोक्यावर घेऊन गुडीहत्नूरच्या बाजारात पायी गेली. त्याचं काई नाई, निभलं. पण घर झालं असतं तं फुलं कौसीच्या आंगणात पडली असती. अन् मी — मी तिले मागाले जाऊ?

माहा वरवंटा नुकताच फुटला होता. कौसी पाण्याले गेली तवा त्याचा तुकडा झाडाखाली नेला. तेलात शेंदूर कालवला, फासला. कौसी आली तं म्हणलं, देवीमाय सपनात आली, मी इथं हावो म्हणे. तिनं कानाले हात लावले. बिचारी.

सायेब आला, फीत लावली. झाडाले धक्का न लावता घर बसत होतं. मंग त्याले दगड दिसला.

"ये क्या है, अम्मा?"

"हमारी माय है, सायेब. लय कडक है."

त्यानं बूट काढले. अन् कागदावर लिवलं — देवाचं ठिकाण, इजाजत नाई.

एवढंच कराचं होतं मले. पण गाव थांबते काऊन? मंगळवारी नारळ फुटाले लागले. सरपंचानं पक्का ओटा बांधला. ओट्याले कोणाची इजाजत लागली नाई.

कौसीचं पोरगं लग्न करून भैंसा गावाले सासऱ्याकडंच राह्यलं. ती टिनाखाली एकटी. दर मंगळवारी दगडापुढं बसते, घर दे म्हणते, पोरगं येऊ दे म्हणते. मागच्या मंगळवारी मले म्हणे, "बाई, तुमीच बोला न माह्यासाठी. तुमच्या सपनात येते ते."

काय करू? जोडले हात. माह्याच वरवंट्यापुढं.

अन् घरी येऊन चटणी वाटली. कशानं म्हणता? माहा फुटला म्हणून, पोरगं गेल्यावर कौसीनं तिचा वरवंटा मले देला होता. एकटीले किती लागते, बाई, म्हणे.

चांगला हाय. जड हाय. रोज त्यानंच वाटतो मी.