मंडईच्या दिवशीची लाइन

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना अजून नीट सांगता आलेलं नाही. विजेच्या उपकेंद्रांतले संगणक सांभाळायचे, त्यांच्यात परकं कोणी शिरू नये हे बघायचं. "म्हंजे राखणदारीच ना?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि मी हो म्हणून सुटका करून घेतली. ऑपरेटर लोक माझ्या पाठीमागे मला कुलूपवाली मॅडम म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण मी पटकन चिडते आणि चिडले की लवकर थांबत नाही.

चिडण्यासारखं असतंही. पूर्वी एखाद्या गावाची लाइन बंद करायची तर ऑपरेटरला उठून पॅनलपाशी जावं लागे, हाताने स्विच फिरवावा लागे. आता संगणकाच्या पडद्यावर एक टिचकी मारली की गाव अंधारात आणि दुसरी मारली की उजेडात. इतकी मोठी गोष्ट इतकी सोपी झाली, तेव्हापासून मला सुखाची झोप नाही. वरून आमच्याकडे भित्तिपत्रकं येतात. त्यांच्यावर टोपीआड तोंड लपवलेला कोणी परदेशी हल्लेखोर असतो. आणि मी ज्या पडद्याला हात लावते त्याच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली सापडते. रोग रेड्याला, औषध पखालीला.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि माझा जीव आणखीनच वर-खाली होतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि दंडारीचे नाच, रात्री नाटक, आणि घराघरात लेकी-जावई, सोयरेधायरे. ज्याच्या गावची मंडई आहे त्याला कोणी ड्यूटीवर बसवत नाही, तसं करणं पापच समजतात. मग ऑपरेटर आपसात पाळ्या बदलतात, आणि बदलून आलेला माणूस ज्याच्या जागी बसला त्याच्याच नावाने संगणक उघडतो. मी यावर भांडून भांडून थकले. "चार दिवसाची गोष्ट आहे जी," एवढंच उत्तर मिळायचं.

ही गोष्ट लाखांदूरकडच्या एका उपकेंद्रातली आहे, नाव घालत नाही. तिथले जुने ऑपरेटर म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका. माझा धाकटा भाऊ त्याच भागात लाइनमन आहे आणि खांबावर चढायला त्याला काकांनीच धीर दिला होता. त्या दिवशी काकांच्या गावची मंडई होती, म्हणून त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या उपकेंद्राचे एक ऑपरेटर बसले होते. मी तपासणीला पोचले आणि नेमकी त्याच वेळी काकांच्या गावच्या लाइनवर एका खांबाचा इन्सुलेटर फुटल्याची खबर आली. मंडईच्या दिवशी गावात लाइट नाही म्हणजे गावाची अब्रूच गेली. भाऊ धावतपळत आला, लाइन बंद करायची परवानगी घेतली, माझ्याकडे बघून हसला आणि गाडीला किक मारून गेला.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला, "बंद केली का जी?" ऑपरेटरने पडद्यावर टिचकी मारली, "केली, चढ," म्हणून सांगितलं आणि 'माणसे काम करीत आहेत' ही पुठ्ठ्याची पाटी पॅनलला अडकवली. खरं तर आधी आवारात जाऊन लाइनचा दुसरा स्विच हाताने उघडायचा असतो, म्हणजे संगणकाने कितीही हुकूम दिला तरी वीज पुढे जात नाही. मगच माणसाला चढ म्हणायचं असतं. मी ओरडले, "आधी तो स्विच उघडा की हो!" ते घाबरून बाहेर पळाले. त्या स्विचचा दांडा गंजलेला. खिडकीतून मला दिसत होतं, ते दांड्याला लोंबकळत होते आणि दांडा हलत नव्हता.

मी भावाला उतर म्हणून सांगायला फोन लावला. रिंग वाजत राहिली. चढताना फोन गाडीच्या डिक्कीत ठेवायचा, ही त्याची सवय मला माहीत होती, तरी पुन्हा लावला.

फोन कानाला धरलेला असतानाच पडद्यावरचा बाण हलला.

माउसला कोणाचा हात नव्हता. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तो बाण अडखळत, थांबत, पुन्हा सरकत भावाच्या लाइनच्या चौकोनाकडे चालला होता. चौकोनावर जाऊन टेकला. 'लाइन चालू करायची आहे का?' असं विचारणारी चौकट पडद्यावर उघडली. आणि मग मला टेबलाच्या मागच्या बाजूला लुकलुकणारा हिरवा दिवा दिसला. या संगणकाला इंटरनेट जोडायचंच नाही असा नियम आहे, आणि तिथे कोणीतरी डोंगल खोचून ठेवला होता. मी तो उपटला. इतक्या जोरात, की त्याचं टोक संगणकातच मोडून राहिलं. बाण थांबला. चौकट तशीच उघडी राहिली. मी ती बंद केली नाही, तिला हात लावायचीही मला भीती वाटत होती. पॅनलकडे धावले आणि संगणकाचा हुकूमच चालणार नाही असा तिथला खटका फिरवला.

तेवढ्यात बाहेरून ऑपरेटर घामाघूम होऊन आले. "उघडला जी एकदाचा." मी त्यांना हातातला मोडका डोंगल दाखवला. त्यांचा चेहराच उतरला.

"काकाचा असन," ते खाली बघत म्हणाले. "मंडईच्या पाळीत नवा माणूस बसते, त्याले काही अडलं त मोबाइलवरून पाहता यावं म्हून लावला होता त्यायनं."

परदेशी नाही, टोपीवाला नाही. आमचेच काका! मी त्यांना फोन लावला. मागे पिपाण्यांचा कालवा ऐकू येत होता आणि काका खुशीत होते.

"हाव बाई, मीच होतो. अचानक बंद झालं पाहा इकडून. अवो, घर पाहुण्यायनं भरलं आहे, नाटकवाले लाइटसाठी डोक्स खाऊन राहिले. लाइन काहून बंद आहे म्हून तुह्या भावाले फोन लावला, त उचलला नाही. म्हटलं, मंडईत फिरत असन लेकाचा. मंग मीच मोबाइलवरून लावून देत होतो."

"काका," मी म्हणाले, "तो खांबावर आहे."

पिपाण्या वाजत होत्या. काका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पाटी लावली होती का?"

"लावली होती."

"मले मोबाइलमंधी पाटी नाही दिसली, बाई."

पुठ्ठ्याची पाटी मोबाइलमध्ये दिसणार कुठून! मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वयाचा मान ठेवला नाही एवढं खरं. मला त्यांचा राग आला होता, त्या दांड्याचा आला होता, आणि हसत हसत गाडीला किक मारून गेलेल्या माझ्या भावाचाही आला होता.

भावाचा फोन आला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. "झालं ताई, उतरलो. लावा म्हणा लाइन. अन् तुह्ये एवढे फोन कायचे? काकाचाही आहे." मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घाबरेल, निदान चार शिव्या तरी हासडेल.

"काकाले काही बोलली त नाही ना तू?" त्याने विचारलं. "संध्याकाळी त्यायच्या घरी जेवायले बोलावलं आहे मले."

"बोलले. आणि उद्या वर कळवणारही आहे."

"अवो, त्यायनं काय मुद्दाम केलं? कळवू नको. मी जिता आहो ना?"

"आहेस म्हणूनच कळवते."

तो संध्याकाळी काकांकडे जेवला. काकांनी स्वतः वाढलं, पण त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी कळवलं. चौकशी झाली, काकांना त्या खोलीतून काढून दूरच्या कचेरीत बसवलं. प्रत्येक उपकेंद्रात गंजलेले दांडे बदलायचं काम निघालं. त्या गावचे लोक मला बघून तोंड फिरवतात. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण तोच कागद मी पुन्हा लिहीन. अजूनही कुठल्याही पडद्यासमोर बसले की माउसवरचा हात काढून मी थोडा वेळ बाणाकडे बघत बसते.

भाऊ माझ्याशी वर्षभर धड बोलला नाही. भाऊबीजेला येईल की नाही, याची मी दुपारपर्यंत दाराशी येरझारा घालत वाट पाहिली. आला. पाटावर बसला. मी ओवाळत होते आणि तो माझ्याकडे न बघता ताटातल्या दिव्याकडे बघत होता. त्याच्या कपाळाला कुंकू लावताना माझं बोट जरा जास्तच वेळ तिथे टेकून राहिलं. कपाळ गरम होतं. तो चिडून म्हणाला, "झालं ना?" मी म्हटलं, "झालं."