दोन श्रावणांचा तक्ता

थळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या सोनूबाईची रुचिता ही एकुलती लेक. तिचा बाप भिकू होडीसकट समुद्रात गेला, तो परत आला नाही. रुचिता आता कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावातल्या होड्यांची मासळी संगणकावर मांडते.

आमच्याकडे समुद्राचा हिशेब तिथीने चालतो. तिने घरोघरी विचारून तिथ्या घेतल्या आणि त्यांच्या तारखा केल्या. मग दर होडीचा वेगळा रकाना करायला गेली, तर संगणकातलं ते आर नावाचं सॉफ्टवेअर अडून बसलं. म्हणे एकाच तारखेला एका होडीच्या दोन नोंदी आहेत.

तिने एकेक होडी तपासली. श्रावण वद्य पंचमी सगळ्यांचीच दोनदा होती, फक्त बापाची एकदा. तेव्हा तिला आठवलं, बाप गेला त्या वर्षी आधी अधिक आणि मग निज असे दोन श्रावण आले होते. नारळी पौर्णिमेची वाट न बघता सगळ्याच होड्या अधिकातच निघाल्या होत्या; निजातली पंचमी यायच्या आत बाप गेला होता.

तिने अधिक आणि निज वेगळे केले. तक्ता नीट उलगडला, पण भिकूचा रकाना पंचमीनंतर रिकामाच राहिला.

प्रकल्प बघणारे कॉलेजचे सर फोनवर म्हणाले, "तिथे शून्य भर, नाहीतर तो रकाना काढ."

"शून्य म्हंजे काय गो?" सोनूबाईने विचारलं.

"होडी गेली आणि रिकामी आली."

"आली कुठं? खोटं नको लिवू."

रुचिताने रकाना तसाच पाठवला. सोनूबाईने देवापुढे दिवा लावला.

महिन्याने कॉलेजच्या अहवालात तक्ता छापून आला. त्यात भिकूची होडी नव्हती.