ऑपरेटरचा अंगठा

बोलण्याआधी ते उजव्या हाताचा अंगठा दाबायचे. हातात काही नसायचं. खाणीच्या वायरलेसवर वीस वर्षं काढलेली. माईकची कळ दाबल्याशिवाय आपला आवाज पलीकडे जातो यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. बोलणं संपलं की अंगठा उचलायचे आणि समोरच्याकडे बघत थांबायचे. आता तुम्ही बोलायचं. तुम्ही बोलेपर्यंत ते चहाचा कपसुद्धा उचलत नसत.

धंद्याची खूण अंगावर वागवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या कंपनीत त्यांना सगळे ऑपरेटरच म्हणत. मीही.

खाण गोव्यातल्या पाळी गावी, ऑफिस डिचोलीत. खाण, वजनकाटा, वर्कशॉप, बार्जची जेटी आणि ऑफिस अशी पाच ठिकाणं, आणि वायरलेसची लहर एकच. एकाने बोललेलं पाचही ठिकाणी ऐकू जायचं. वर्कशॉपने टायर मागितले की जेटीवरचा माणूस कान टवकारायचा. म्हणून ऑपरेटरांनी स्वतःचा एक कायदा केला होता : "नाव पयलीं, गजाल मागीर." आधी कुणाचा निरोप, कुणासाठी, ते सांगायचं, मग मजकूर. ज्याच्यासाठी असेल त्याने आपलं नाव घेऊन "पावलें", म्हणजे पोचलं, असं म्हणायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

हा कायदा कँटीनलाही लागू होता. दारात उभे राहून, अंगठा दाबून ते म्हणायचे, "ऑफिस बोलता. कँटीन, कँटीन. एक उंडो, एक पातळ भाजी."

"कँटीन, पावलें बाब!" आतून ओरडा यायचा, आणि भट्टीजवळची पोरं पाव कापत हसायची. ऑपरेटर हसत नसत. त्यांच्या मते पावाची ऑर्डर नीट गेली होती, एवढंच.

मराठी की कोकणी या वादाच्या दिवसांत वर्कशॉपच्या आणि जेटीच्या फोरमननी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. वाद मिटला, गोवा राज्य झालं, तरी या दोघांचा अबोला सुटेना. दोघे ऑपरेटरमार्फत बोलायचे. एकजण कोकणीत शिवी घालायचा, ती पाचही ठिकाणी ऐकू गेलेली असली तरी ऑपरेटर ती गाळून मराठीत फक्त पंपाचा नंबर सांगायचे. "शिवयेक नाव नाशिल्लें, म्हणून धाडूंक ना," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. शिवीवर नाव नव्हतं, म्हणून पाठवली नाही.

राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली तेव्हा मी तिथे आले. बेळगावला शिकलेली, डिचोलीचीच मुलगी, संगणक विभागाची प्रमुख. विभागात मी आणि एक खुर्ची. पाचही ठिकाणची यंत्रं एकमेकांना जोडून वायरलेस बंद करायचा, हे माझं काम. तारेची जोडणी परत एकच. तिच्यावरून काट्याच्या पावत्या, बार्जच्या वेळा, वर्कशॉपच्या मागण्या आणि सुरुंगाच्या सूचना, सगळं जायचं. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर मी कामाचं नाव लावलं. पलीकडचं यंत्र नाव वाचून निरोप त्या त्या कामाच्या हातात देणार.

साहेबांना हे समजवायला मला आठवडा लागला. ऑपरेटरना एक मिनिट.

"म्हणजे नाव पयलीं," ते म्हणाले. मग पडद्याकडे वळले. अंगठा दाबला. "बाय, निरोप आयले की ते रांकेंत रावतात मू? काट्याची पावती अडकली, तर तिच्या फाटल्यान आशिल्ली सुरुंगाची गजाल कित्याक रावची?"

पावतीच्या मागे सुरुंगाची सूचना का अडून राहावी, असं ते विचारत होते. मी म्हटलं, रांग एकच असली की क्रम बिघडत नाही. पावती अडकत नाही.

"आनी पावलें कोण म्हणटलो?"

"यंत्रच कळवतं. निरोप पोचला की लगेच."

त्यांनी मान हलवली. "पावलें म्हणपाक तोंड जाय गो." पोचलं म्हणायला तोंड लागतं.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. प्रत्येक कामाला वेगळी रांग देणं म्हणजे आणखी पंधरा दिवस, आणि मी साहेबांना तारीख दिली होती. पुढच्या मीटिंगला ऑपरेटरनी हीच शंका काढली तेव्हा मी म्हटलं, "यांना यंत्राने आधी अंगठा दाबून दाखवला पाहिजे." सगळे हसले. ऑपरेटरांचा अंगठा टेबलाखाली गेला.

वायरलेस बंद झाला. संच ऑफिसातल्या त्यांच्या कोपऱ्यात राहिला. ते रोज त्याची बॅटरी भरत. काट्यावरचा संचही तसाच भिंतीला होता. सुरुंगाची सूचना पडद्यावर गेली की ते हळूच काट्याला हाक मारत आणि काट्यावरचा माणूस "काटो, पावलें" म्हणे. मला हे माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाचं समाधान, म्हणून मी कानाडोळा करत होते.

एके दिवशी सुरुंग नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास लावायचे ठरले. काटा खाणीच्या रस्त्यावरच. सूचना मिळाली की तिथून ट्रक सोडणं बंद व्हायचं. भोंगाही वाजायचा, पण ट्रकांच्या घरघरीत काट्यावर तो कुणाला ऐकू येत नसे. सूचना गेली. पाचही ठिकाणांहून यंत्रांनी कळवलं, पोचली. खाणीच्या फोरमनने ते पडद्यावर पाहिलं आणि तो पुढच्या तयारीला लागला.

ऑपरेटरनी काट्याला हाक मारली.

"खंयचो सुरुंग?" काट्यावरून उत्तर आलं. "हांगा प्रिंटरांत कागद अडकला, कांयच येवंक ना."

मी त्यांच्यापासून दहा हातांवर होते. एवढ्या मोठ्याने ते कधी बोलले नव्हते. "काटो, काटो! ट्रक रावयात! सगळे रावयात!"

तीन ट्रक थांबले. एक पुढे गेला होता.

सुरुंगाने उडालेला दगड त्याची काच फोडून आत आला. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा होता. जीव वाचला, डाव्या कोपराचं हाड मोडलं. मी म्हापशाच्या हॉस्पिटलात भेटायला गेले तर मलाच म्हणाला, "बाई, तुमी कशाला रडताय? त्या ऑपरेटरमामास्नी सांगा, मागच्या तिघांस्नी वाचिवलं त्येनी."

मी ते सांगितलं नाही. आधी अहवाल लिहायचा होता.

काट्याच्या यंत्रात सूचना वेळेवर आली होती. कागद अडकला म्हणून पावती खोळंबली, आणि तिच्यामागे सूचना. मी केलेल्या रांगेत. अहवालात मी लिहिलं : 'सूचना काट्याच्या यंत्रापर्यंत वेळेत पोचली होती. बंद केलेल्या वायरलेसवरून परवानगीशिवाय निरोप दिला गेल्याने काट्यावर गोंधळ उडाला.' दोन्ही वाक्यं कुठल्याही चौकशीत टिकली असती, आणि टिकली. रांगेबद्दल एक अक्षर नव्हतं. खाली सही नव्हती. 'संगणक विभाग' एवढंच.

त्यांना वेळेआधी निवृत्त केलं. वायरलेसचा संचही त्याच आठवड्यात भंगारात गेला. त्यांनी साहेबांपुढे तोंड उघडलं नाही. वाटलं असतं तर मीटिंगमधल्या आपल्या शंकेची आठवण करून देता आली असती. हसलेले सगळेजण तिथेच बसले होते.

शेवटच्या दिवशी मी त्यांना डिचोलीच्या बस स्टँडवर गाठलं. म्हणजे गाठायला गेले नव्हते, घरी जाताना दिसले. चोपडे या किनाऱ्याजवळच्या गावी, घरी जायला त्यांना आधी म्हापशाची बस धरायची होती. पायाशी एक पिशवी, तिच्यातून संचाचा माईक डोकावत होता. वायर कापलेली.

"चोरला काय?" मी उगाच थट्टा केली.

"भंगारवाल्याक विचारून घेतला." मग त्यांनी अंगठा दाबला. "बाय, तुजो अहवाल वाचलो हांवें. फट कांयच बरोवंक ना तुवें." खोटं काही लिहिलं नाहीस. "पूण ताच्यार नाव नाशिल्लें."

आणि अंगठा उचलला.

ते माझ्याकडे बघत थांबले. रागाने नाही. कँटीनच्या दारात थांबायचे तसेच. मला फक्त माझं नाव घ्यायचं होतं. पुढचं त्यांना ठाऊकच होतं. म्हापशाची बस आली, कंडक्टर ओरडला, माणसं चढली. ते पिशवी उचलेनात. मी म्हटलं, "बस सुटेल तुमची."

ते चढले.

पुढच्याच आठवड्यात मी प्रत्येक कामाला वेगळी रांग द्यायला घेतली, आणि सुरुंगाच्या सूचनेला माणसाने बटण दाबल्याशिवाय 'पोचली' म्हणायचं नाही अशी अट घातली. पंधरा दिवस लागतील म्हटलं होतं, नऊ लागले. साहेबांनी माझी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली.

ऑपरेटर वारल्याचं मला चोपड्याहून येणाऱ्या मासळीवालीकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी. मी तिच्याकडून बांगडे घेतले, घरी आले, साफ करायला बसले. हात धुताना पाहिलं तर उजवा अंगठा तर्जनीवर घट्ट दाबलेला होता. मग माझं नाव घेतलं, मोठ्याने, आणि अहवाल मी लिहिला होता असं म्हटलं. अंगठा उचलला.

पलीकडे कोणी नव्हतं. नळ चालू होता, तो बंद केला.