ला म्हणजे लाल नव्हे

खिळे मारायच्या बंदुकीत हिरवी गोळी घालायची, पिवळी घालायची का लाल, हे ठरवण्यात माझी रियाधमधली तीन वर्षं गेली. गावी सांगितलं की मी बंदुकीवर कामाला आहे, तर लोक आधी बसायला खुर्ची देतात आणि सगळं ऐकून झालं की ती परत मागतात. आमची बंदूक माणसं मारत नाही. जिप्समच्या पार्टिशनसाठी पत्र्याचा चॅनल लागतो, तो काँक्रीटला ठोकते. गोळी म्हणजे पितळेच्या टोपणातली चिमूटभर दारू. ती फुटते आणि खिळा आत जातो. हिरवी नरम, पिवळी मधली, लाल जबरी. नियम एकच, सुरुवात हिरवीने करायची. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर एक रंग वर जायचं. पहिल्याच फटक्याला लाल घालणाऱ्याला साईटवर कुणी जवळ उभं करत नाही.

बंदूक चाचांच्या हातात असायची. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले, इथं येऊन वीस वर्षं झालेली. लाईन आखायची आणि चॅनल धरायचा, हे माझं काम. आणि नकला करायच्या, हेही माझंच. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली तेव्हा छड्या मिळाल्या, लेबर कॅम्पमध्ये फोरमनची केली तेव्हा चहा मिळाला. एवढीच काय ती प्रगती. सगळ्यात जास्त मागणी आमच्या मिस्री, म्हणजे इजिप्तच्या, इंजिनियरला. अरबीत ‘ला’ म्हणजे नाही, पण हा माणूस ते एकदा म्हणून थांबतच नाही. ‘ला, ला’ करत हाताने हवा कापतो, जसं काय कोथिंबीर चिरतोय.

आता, नक्कल करणाऱ्याला एक गोष्ट बरोबर कळते. हशा कुठं पिकायला हवा ती. आणि चाचा नेहमी सगळ्यांच्या मागून हसायचे, दुसऱ्यांची तोंडं बघून.

एकदा साईटवरून परतताना बसमध्ये मी मुद्दाम आवाजच काढला नाही. नुसते इंजिनियरसारखे ओठ हलवले, हाताने हवा कापली. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. चाचा एकटेच खदाखदा हसले.

मलाच कसंतरी झालं. उतरल्यावर त्यांना बाजूला घेतलं.

"कधीपासून?"

"काय?"

"कान, चाचा."

त्यांनी आधी मागे कोण आहे ते पाहिलं. "दोन-तीन वर्षं झाली. डावा जास्त. कुठं बोलू नको, मेल्या. दोन महिन्यांनी इकाम्याचा परवाना रिन्यू व्हायचाय. कान गेला कळलं की बंदुकीचं कार्ड काढून घेतील. कार्ड गेलं की खलास, सरळ घरी."

"मग जा की. वीस वर्षं झाली, अजून किती खिळे मारायचेत?"

"इथं सगळे ओरडतात म्हणून निभतंय रे," चाचा म्हणाले. "घरी बायको हळू बोलते."

तेव्हापासून मी त्यांचा कान झालो. साईटवरचं सगळं बोलणं मी दुसऱ्यांदा बोलायचो. फोरमनचं, सेफ्टीवाल्याचं, पाणी आणणाऱ्याचं. नकला करणाऱ्याला हे सोपं वाटेल, पण नक्कल मनात आली की करायची असते. हे म्हणजे आठ तास ड्युटी. संध्याकाळी मला स्वतःचं बोलायचा कंटाळा यायचा. आई फोनवर विचारायची, बरा आहेस ना, एवढा गप्प का. मी म्हणायचो, ऊन आहे.

मग अल सुलैच्या गोडाऊनमधला दिवस आला. आत ऑफिसं करायची होती. खांब जुने आणि टणक, हिरवीने खिळा आत जाईना म्हणून सकाळपासून पिवळी चालू होती. खांब संपले आणि पुढे भिंत आली. ती पोकळ ब्लॉकची होती, पण वरून प्लास्टर, त्यामुळे खांबासारखीच दिसत होती. अशा भिंतीवर बंदूक चालवायचीच नसते, ड्रिल मारायचं असतं. मी पलीकडच्या बाजूला लाईन आखत होतो. कंटाळलो होतो, म्हणून चाचांना सांगून जायचंही राहिलं.

चाचांनी इंजिनियरला विचारलं, "यलो?"

तो म्हणाला, "ला, ला."

मला पलीकडे स्पष्ट ऐकू आलं. चाचांना लाल ऐकू आलं. रंग विचारला होता, उत्तरात रंगच येणार; गोळ्यांची हिंदी नावं इंजिनियरलाही पाठ होती.

खिळा भिंतीतून आरपार आला आणि माझ्यापासून हातभर लांब, जिप्समच्या थप्पीत घुसला. पांढरी पूड उडाली. मी पेन्सिल धरून तसाच उभा.

इंजिनियर धावत आला, मागून चाचा. मी ठीक आहे हे बघितल्यावर त्याने चाचांना विचारलं, मी नाही म्हटलं ना? चाचा त्याच्या ओठांकडे बघत होते, पण तो फार भरभर बोलत होता.

मी मध्ये पडलो. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की चूक माझी. मी पलीकडून तुमच्या आवाजात लाल म्हणालो, मस्करी केली.

"माझ्या आवाजात?"

"हो."

"करून दाखव."

मी केली. हातासकट. इतकी हुबेहूब आजवर जमली नव्हती आणि कुणी हसलं नाही. मला लेखी वॉर्निंग मिळाली. चाचांना कुणी काही बोललं नाही.

मला वाटलं, चाचा निदान चहा तरी पाजतील. जेवताना ते शेजारी येऊन बसले आणि भात कालवू लागले.

"काय सांगितलंस त्याला?"

मी सांगितलं. दोनदा.

"खिळा कुठं लागला असता?"

मी मानेवर बोट ठेवलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि तसेच सेफ्टीवाल्याच्या केबिनमध्ये गेले. काय बोलले माहीत नाही. दोन दिवसांनी अल मलाझच्या क्लिनिकात त्यांच्या कानाची तपासणी ठरली आणि दुभाष्या म्हणून मला पाठवलं.

काचेची छोटी खोली. चाचा आत, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मशीनवर मल्याळी नर्स. "उनको बोलो, आवाज सुनाई दे तो बटन दबाना." मी दार उघडून ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तपासणी सुरू झाली. मी बसलो होतो तिथून नर्सचं बोट दिसत होतं, ते कधी दाबलं जातंय तेही. चाचा माझ्याकडे बघत होते. सवयच ती. एक भुवई उडवली असती तर त्यांना पुरली असती.

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

बराच वेळ नुसता एसीचा आवाज. मग नर्सने विचारलं, "सो गए क्या?"

मी वळून पाहिलं. चाचांनी डोळे मिटले होते. अंगठा बटणावर होता.

"नहीं," मी म्हटलं, "सुन रहे हैं."